‘स्टेअरवे’चा नंबर आठवा

लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या उत्तम गाण्यांची कुठलीही यादी उघडा, पहिला नंबर बहुतेक ‘स्टेअरवे टू हेवन’चा असतो. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी ‘काश्मीर’ आणि ‘होल लॉटा लव्ह’ यांच्यात मारामारी, मग ‘ब्लॅक डॉग’, ‘रॉक अँड रोल’ वगैरे मंडळी. यादी करणारे बदलतात, यादी काही बदलत नाही. माझ्या यादीत ‘स्टेअरवे’ आठवं आहे आणि ‘होल लॉटा लव्ह’ नाहीच. हे वाचून ज्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील त्यांनी जरा दम धरावा. मला खोडी काढायची नाहीये, कारणं सांगायची आहेत.

मी कल्याणला तबला शिकवते. कीर्तन, भजनी मंडळ, कथकचे वर्ग, नाट्यसंगीताच्या मैफली, सगळीकडे साथ करत आयुष्य गेलं. इंग्रजी गाण्यांशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण क्लासला इंजिनिअरिंगचा एक मुलगा यायचा, कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा. एकदा रियाज संपल्यावर त्याने फोन पुढे केला. “ताई, ह्यात सम कुठे पडते ते सांगा. आमच्यात रोज भांडणं होतात.” गाणं होतं ‘ब्लॅक डॉग’. गायक एक ओळ एकट्याने गातो, थांबतो, मग गिटार आणि बेस मिळून एक लांबलचक, वाकडीतिकडी तान घेतात. ती तान मात्रांच्या कुंपणात राहतच नाही, पुढे निसटते, मागे येते, भलत्याच जागी संपते. मुलं त्या तानेवर टाळी धरायला बघत होती आणि दरवेळी गडप होत होती. मी त्याला म्हटलं, “अरे, गिटारच्या मागे कशाला लागतोस? खाली ड्रमवाला काय करतोय ते ऐक.” ड्रमवाला चार मात्रांचा सरळ ठेका देत होता. वर एवढी पळापळ चाललेली आणि हा गडी इकडचा तिकडे होत नव्हता. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, त्याच्याकडे होती.

त्या ड्रमवाल्याचं नाव जॉन बॉनम. माझी यादी म्हणजे त्याच्या कामाची यादी आहे आणि माझं म्हणणं असं की लेड झेपलिनची यादी दुसऱ्या कशावरून करताच येत नाही.

आपल्याकडे मैफलीचं पोस्टर कसं असतं ते आठवा. गायकाचा फोटो मोठा, आणि तळाला बारीक अक्षरांत ‘साथसंगत’. रॉकच्या याद्याही याच डोळ्यांनी केल्या जातात. रॉबर्ट प्लँटचे सोनेरी केस आणि वरच्या पट्टीतला आवाज, जिमी पेजची दोन मानांची गिटार, हे दिसतं. त्यामागे जॉन पॉल जोन्स बेस आणि ऑर्गन सांभाळतो, हे थोड्यांना माहीत असतं. ड्रमवाल्याला वीस मिनिटांचा सोलो दिला की त्याचं देणं फिटलं, अशी समजूत. पण बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत उस्ताद अहमदजान थिरकवा साथीला होते. एकल वादनातला बादशहा माणूस पदामागे ठेका धरून बसायचा आणि जुने रसिक त्या ठेक्याच्याच गोष्टी सांगत. साथ म्हणजे दुय्यम काम हे ज्यांना वाटतं त्यांनी कधी कुणाची साथ केलेली नसते.

बॉनम 1948 सालचा, इंग्लंडातल्या रेडिचचा. वडिलांचा बांधकामाचा धंदा होता, शाळा सुटल्यावर हा तिथेच कामाला लागला. ड्रमचं रीतसर शिक्षण नाही. लहानपणी डबे बडवण्यापासून सुरुवात. 1968 मध्ये पेजने नवा संच जमवला तेव्हा प्लँटने आपल्या या मित्राचं नाव सुचवलं. पुढची बारा वर्षं या चौघांत एकही माणूस बदलला नाही. 25 सप्टेंबर 1980 ला बॉनम दारूपायी गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, आणि त्या डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड बंद केल्याचं जाहीर केलं. हे जरा शेजारच्या उदाहरणाशी ताडून बघा. ‘द हू’ या तितक्याच मोठ्या इंग्लिश बँडचा ड्रमवाला कीथ मून 1978 मध्ये गेला. त्यांनी दुसरा माणूस घेतला आणि पुढे चालू लागले. त्यात वाईट काही नाही, पोटापाण्याचा धंदा आहे. पण झेपलिनच्या तिघांना दुसरा माणूस घ्यावासा वाटला नाही, यावरून त्या घराचा खांब कोणता होता ते त्यांनाच कळलं होतं असं मी म्हणते.

तर पहिला नंबर. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. चौथ्या अल्बमचं शेवटचं गाणं. हा अल्बम 8 नोव्हेंबर 1971 ला आला, त्याच्या मुखपृष्ठावर ना बँडचं नाव ना अल्बमचं. सुरुवातीला फक्त ड्रम आहे. दोन आवर्तनं, बाकी कुणी नाही. लय मध्यलयीच्याही अलीकडची, जवळजवळ विलंबित म्हणावी अशी. पायाने बेस ड्रमवर जोडीचा आघात, मग स्नेअरवर एक सणसणीत टोला, वर हाय-हॅटची चाट. बोल म्हणाल तर इतके साधे की माझ्याकडे दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगाही म्हणून दाखवील. पण असं वाजवायला सांगा. दोन आघातांमधली जी मोकळी जागा आहे ती तशी मोकळी ठेवायला छाती लागते. होतकरू वादकाचा हात तिथे शिवशिवतो, त्याला वाटतं इथे एक तुकडा टाकावा, तिथे एक ‘तिरकिट’ घुसवावं. बॉनम सात मिनिटं हात आवरून वाजवतो, आणि आवर्तनागणिक ठेका जड होत गेल्यासारखा वाटतो. लय तीच असते.

आणि तो आवाज! हॅम्पशायरमध्ये हेडली ग्रेंज नावाची एक जुनी वास्तू आहे, 1795 मध्ये गरीब-निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेण्यासाठी बांधलेली. बँड तिथे मुक्काम ठोकून होता आणि बाहेर रोलिंग स्टोन्सची फिरती ध्वनिमुद्रण गाडी उभी होती. बॉनमचा नवीन ड्रमसंच जिन्याखालच्या प्रवेशदालनात मांडला. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स याने ड्रमच्या जवळ माईक लावलाच नाही. दोन माईक जिन्याच्या वरच्या मजल्यावरून खाली सोडले. ड्रमचा आवाज जिन्याच्या पोकळीत वर चढतो, भिंतींना लागतो, घुमतो, आणि मग माईकपाशी पोचतो. त्यावर थोडा यंत्राचा प्रतिध्वनी दिला आणि टेपचा वेग कमी करून सगळं आणखी भारदस्त केलं. बस्स. आज लाखो रुपयांच्या स्टुडिओत बसून लोक तो आवाज काढायला बघतात. बीस्टी बॉईज या रॅप गटाने 1986 मध्ये हाच ठेका टेपवरून सरळ उचलून आपल्या गाण्याखाली घातला, आणि त्यानंतर तो किती जणांनी उचलला याला गणती नाही.

इथे मला आमच्याकडच्या साउंडवाल्यांबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, कारण हा विषय माझ्या दुखण्याचा आहे. गणपतीतला कार्यक्रम असो की मोठ्या नाट्यगृहातला, तबल्यासाठी माईक येतो तो थेट डग्ग्याच्या तोंडाशी. मी मागे सरकवते, तो येऊन पुन्हा पुढे ढकलतो. “मॅडम, आवाज आला पाहिजे ना!” आवाज येतो, पण कसला? थाप पडल्याचा. घुमारा येत नाही. चामड्यावर हात पडला की आधी आघात होतो आणि मग भांड्यातली हवा बोलते. हे बोलणं ऐकायला थोडं अंतर लागतं. अँडी जॉन्सला ते कळलं होतं. आमच्या साउंडवाल्यांना ‘लेव्ही’ची पहिली दोन आवर्तनं सक्तीने ऐकवावीत असं माझं फार वर्षांचं मत आहे. एकाला मी ऐकवलीही. तो म्हणाला, “मॅडम, ह्यात ईको जास्त झालाय.”

मूळ गाणं या मंडळींचं नाही. 1927 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीला महापूर आला, बांध फुटले, सहा लाखांहून जास्त माणसं बेघर झाली. बांधावर राबवलेले, नंतर छावण्यांत डांबलेले बहुतेक मजूर कृष्णवर्णीय होते. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या जोडप्याने 1929 मध्ये त्यावर हे गाणं ध्वनिमुद्रित केलं, दोन गिटारींवर, जवळजवळ हलकंफुलकं वाटावं असं. झेपलिनने त्याचं हे अक्राळविक्राळ रूप केलं. त्या ठेक्याखाली पाणी वाढत असल्यासारखं वाटतं, हे बॉनमचं देणं. अल्बमवर गीतकारांत मेम्फिस मिनीचं नाव आहे, जोचं मात्र राहिलं.

नावावरून आठवलं म्हणून इथेच सांगते की ‘होल लॉटा लव्ह’ माझ्या यादीत का नाही. ठेका उत्तम आहे, गिटार तर काय, पोरं अजून तेच वाजवत गिटार विकत घेतात. पण त्यातले शब्द मोठ्या प्रमाणावर विली डिक्सन या ब्लूजच्या थोर गीतकाराच्या गाण्यातून आले होते, जे 1962 मध्ये मडी वॉटर्सने गायलं होतं. 1969 मध्ये रेकॉर्डवर डिक्सनचं नाव नव्हतं. त्याने 1985 मध्ये दावा लावला, 1987 मध्ये तडजोड झाली, मग नाव आलं. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’चं तेच, मूळ गीतकार जेक होम्सचं नाव यायला चाळीसेक वर्षं लागली. ‘बेब आय एम गॉना लीव्ह यू’वर अॅन ब्रेडनचं नाव यायला वीस. आमच्यात तबल्यातला एखादा कायदा वाजवायच्या आधी वादक कानाची पाळी धरून सांगतो की हा अमक्या उस्तादांचा, तमक्या घराण्याचा. त्याने वादकाची उंची कमी होत नाही. ज्यांनी ते केलं नाही, वकिलाची नोटीस आल्यावर केलं, त्यांचे मी गुण कापते. कुणी म्हणेल ब्लूजमध्ये देवघेव चालतेच. चालते ना, पण रॉयल्टीचा चेक एकाच बाजूला जात असेल तर ती देवघेव कसली?

दुसरा नंबर ‘काश्मीर’, 1975 च्या ‘फिजिकल ग्राफिटी’मधलं. नाव काश्मीर असलं तरी प्लँटला शब्द सुचले ते दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटी रस्त्यावर गाडीने जाताना, आणि तेव्हा चौघांपैकी कुणी काश्मीर पाहिलेलं नव्हतं. असो, आपल्याकडच्या कितीतरी भावगीतांतलं काश्मीरही सिनेमात पाहिलेलंच असतं. या गाण्याची सुरुवात पेज आणि बॉनम दोघांनीच बसून केली, आणि ते ऐकू येतं. गिटार आणि तंतुवाद्यं तीन मात्रांची आकृती वाजवतात, चढत चढत. बॉनम खाली चार मात्रांचा ठेका देतो. तीन आणि चार यांची गाठ बाराव्या मात्रेनंतर पडते.

हे मी क्लासमध्ये करून घेतलं. खोलीच्या उजव्या अंगाला बसलेल्यांना सांगितलं, तुम्ही ‘तकिट’ म्हणायचं, मात्रेला एक अक्षर. डावीकडच्यांना ‘तकधिमि’. दोघांनी आपापल्या पहिल्या अक्षराला टाळी द्यायची आणि दुसऱ्याकडे बघायचं नाही. मी मध्ये बसून नुसती मात्रा धरली. पहिली टाळी एकत्र पडली, मग उजवीकडच्या टाळ्या पुढे सटकू लागल्या, एक मुलगा बघून बघून डावीकडच्यांसारखंच म्हणायला लागला, त्याला शेजारणीने कोपर मारलं. आणि मग तेराव्याला दोन्हीकडची टाळी धाडकन एकत्र. पाचवीतली एक मुलगी ओरडली, “ताई, आम्ही भेटलो!” मग मी ‘काश्मीर’ लावलं. त्या मुलांना इंग्रजी रॉकशी घेणंदेणं नाही, पण दर बारा मात्रांना सगळी खोली मान हलवत होती. एकतालाचं आवर्तन बाराचंच, त्यामुळे त्यांना घरच्यासारखं वाटलं. अवघड हिशेब ऐकणाऱ्याला न दाखवता वाजवणं हे आपल्याकडे बुजुर्गांचं लक्षण मानतात. ‘काश्मीर’ ऐकताना कुणाला मोजावंसं वाटत नाही, नुसतं काहीतरी अवाढव्य चालत येतंय असं वाटतं. ते चालणं बॉनमचं आहे. तो त्यात एकही नखरा करत नाही.

तिसरं ‘सिन्स आय’व्ह बीन लव्हिंग यू’, 1970 च्या तिसऱ्या अल्बममधलं. संथ ब्लूज. यात बेस गिटार नाही, जोन्स ऑर्गन वाजवता वाजवता बेसचे सूर पायातल्या पट्ट्यांवर काढतो. नीट ऐकलंत तर गाणंभर एक ‘कुईं कुईं’ ऐकू येतं. तो बॉनमच्या पायातल्या पेडलचा आवाज आहे, त्याला तेल घालायचं राहिलं होतं. आजचा ध्वनिमुद्रक तो संगणकावर पुसून टाकील. तो ठेवला याचा मला फार आनंद आहे. विलंबित लयीत वादकाचा पाय किती वेळ उचललेला राहतो, कधी खाली येतो, हे त्या कुरकुरीवरून कळतं. विलंबितात खरा माणूस कळतो, असं माझे गुरुजी म्हणायचे. द्रुत काय, तालमीने येतं.

चौथं ‘ब्लॅक डॉग’, त्याबद्दल वर बोलले. त्याची ती वाकडी तान मुळात जोन्सची, आणि नाव हेडली ग्रेंजभोवती हिंडणाऱ्या एका काळ्या कुत्र्यावरून पडलं. गाण्यात कुत्रा कुठेच नाही.

पाचवं ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’. पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं, 1969. पावणेतीन मिनिटांत संपतं. यात बॉनम बेस ड्रमवर तिश्राचे, म्हणजे तीन-तीनचे, बोल एका पायाने काढतो. एका पेडलवर, एका पायाने. अनेकांना वाटलं दोन बेस ड्रम असणार. डाव्या हाताने डग्ग्यावर ‘घेघे’ जलद काढताना काय होतं हे ज्याला माहीत आहे त्याने ते पायाने करून बघावं. वीस वर्षांच्या पोराने जगाला पहिल्याच गाण्यात सांगून टाकलं की मी आलोय.

सहावं ‘फूल इन द रेन’. बॉनम असतानाच्या शेवटच्या अल्बममधलं, 1979 सालचं. रॉकवाले याला नाकं मुरडतात, त्यांना ते हलकं वाटतं, मध्येच शिट्ट्या वाजतात आणि सांबा सुरू होतो. वाटू दे. बर्नार्ड पर्डी नावाच्या अमेरिकी ड्रमवाल्याने रूढ केलेला एक झुलता ठेका आहे, त्याचं इतकं देखणं रूप मी दुसऱ्या कुठल्या रॉक गाण्यात ऐकलेलं नाही. मुख्य आघातांच्या मध्ये स्नेअरवर बारीक बारीक, ऐकू येतील न येतील असे बोल भरलेले आहेत. दादऱ्यात चांगला तबलजी चाटेवर बोटाने जे भरतो, तेच. ज्याला आपण फक्त हातोडा समजत होतो त्याच्या हातात ही नजाकत होती. पुढच्याच वर्षी तो गेला.

सातवं ‘द ओशन’. आठ आणि सात मिळून पंधरा, म्हणजे आमच्या सवारी तालाचं माप. पुढे बोलायची गरज नाही, टाळी धरून ऐका.

आणि आता आठवं, ‘स्टेअरवे’. ते चांगलं गाणं आहे, मी नाही म्हणत नाही. त्याच्या सुरुवातीच्या गिटारवरून खटला झाला होता, ‘स्पिरिट’ या बँडच्या 1968 सालच्या ‘टॉरस’वरून उचललं म्हणून. 2016 मध्ये ज्यूरीने झेपलिनच्या बाजूने कौल दिला आणि 2020 मध्ये तो कायम झाला. ते मला मान्य आहे. अशी उतरती सुरावट कुणा एकाच्या मालकीची होत नाही, त्यामुळे इथे मी गुण कापलेले नाहीत. त्याची बांधणीही विलंबितातून द्रुतात जाणारी, आपल्या ख्यालाच्या कानाला ओळखीची. लय हळूहळू चढते, आणि ती मुद्दाम चढवलेली आहे. मग आठवं का? कारण आठ मिनिटांच्या गाण्यात ड्रम यायला सव्वाचार मिनिटं लागतात. अर्ध्याहून जास्त गाणं बॉनमशिवाय आहे. तो आला की गाणं उभं राहतं, त्याआधी सुंदर बसलेलं असतं. ज्यांना बसलेलं आवडतं त्यांनी ‘गोइंग टू कॅलिफोर्निया’ किंवा गायिका सँडी डेनीबरोबरचं ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ ऐकावं, त्यांत ड्रम मुळातच नाही आणि ती त्या जातीत ‘स्टेअरवे’पेक्षा सरस आहेत. त्यांची यादी वेगळी करायला हवी, कुणी गिटारवाल्याने करावी.

नववं ‘अकिलीज लास्ट स्टँड’, दहा मिनिटांची घोडदौड, त्यासाठी दमसास लागतो इतकंच. दहावं ‘फोर स्टिक्स’, आणि इथे मला थांबायलाच हवं, कारण हे गाणं मुंबईत येऊन गेलेलं आहे. पाच आणि सहाच्या मापांत खेळणारं गाणं. चौथ्या अल्बमसाठी ते काही केल्या बसेना, तेव्हा बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेतल्या आणि ते वाजवून टाकलं. म्हणून नाव ‘फोर स्टिक्स’. 1972 मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत बसले आणि ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. बॉनम आणि जोन्स त्यात नव्हते. ती टेप चाळीसहून जास्त वर्षं पडून राहिली आणि 2015 मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत निघाली. ‘फोर स्टिक्स’चं नाव तिथे ‘फोर हँड्स’ आहे आणि वादक सगळे ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’.

ती मी मोठ्या उत्सुकतेने ऐकली. ‘फ्रेंड्स’ सुंदर झालंय, त्याला मुळातच पूर्वेचा वास होता. ‘फोर हँड्स’ मात्र फसलंय असं माझं मत, आणि कारण गमतीचं आहे. पाच आणि सहा आपल्या वादकांच्या हाडीमासी असतात. झपताल पाच-पाचचा, दादरा सहाचा. अशा मापांत ते आरामात बसतात आणि डोलायला लागतात. बॉनम त्याच मापांशी झटापट करतो, काठ्या मोडतील की काय असा, आणि गाण्याचा जीव त्या झटापटीत आहे. जे आपल्याला सोपं ते त्याला अवघड होतं म्हणून त्याचं चांगलं झालं. पहिल्या अल्बममध्ये ‘ब्लॅक माउंटन साइड’ या दोन मिनिटांच्या तुकड्यात विराम जसानी यांचा तबला आहे, तो मात्र गिटारला छान चिकटून जातो. तबल्यामुळे ते माझ्या यादीत येईल असं तुम्हाला वाटलं असेल. नाही. गिटारची ती रचना स्कॉटिश गिटारवादक बर्ट यान्शच्या वाजवण्यावरून घेतलेली आणि नाव एकट्या पेजचं. नियम तो नियम, आमचं वाद्य असलं म्हणून काय झालं.

‘मोबी डिक’बद्दल विचारणारच तुम्ही. बॉनमचा प्रसिद्ध सोलो, मैफलीत अर्धा तासही चालायचा, बाकीचे तिघे आत जाऊन बसायचे, आणि हा काठ्या टाकून उघड्या हातांनी वाजवायचा. हाताने वाजवतो म्हणून मला तो जवळचा वाटावा, तरी मी त्याला यादीत घेत नाही. तबल्याच्या एकल वादनात मागे लेहरा, म्हणजे आवर्तनाची ठरलेली धून, चालू असतो. वादक कितीही लांब गेला तरी परत यायला घर असतं, आणि ऐकणाऱ्याचा सगळा जीव त्या परत येण्यात असतो. ‘मोबी डिक’मध्ये बाकीचे निघून गेले की घर राहत नाही. उरतो तो ताकदीचा खेळ. साथीतला बॉनम मला सोलोतल्या बॉनमपेक्षा दसपट मोठा वाटतो.

10 डिसेंबर 2007 ला लंडनच्या ओटू अरीनात उरलेले तिघे पुन्हा एकत्र आले, ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन. सोळा गाणी झाली. सुरुवात कशाने केली माहीत आहे? ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ने, जिथे बापाचा पाय पहिल्यांदा जगाने ऐकला होता. ‘स्टेअरवे’ मध्येच कुठेतरी अकराव्या नंबरावर वाजवून टाकलं आणि मुख्य कार्यक्रम संपवला ‘काश्मीर’ने. म्हणजे त्यांची स्वतःची यादी माझ्या यादीपासून फार लांब नाही. ‘लेव्ही’ त्या रात्री नव्हतंच. ते मैफलीत त्यांनी 1975 च्या दौऱ्यात थोड्याच वेळा वाजवलं आणि सोडून दिलं. तो जिना कुठून आणणार?

या यादीवर भांडायचं असेल तर जरूर भांडा, मला आवडेल. फक्त आधी ‘लेव्ही’ घरातल्या मोठ्या स्पीकरवर ऐका, नसेल तर कुणाचे तरी चांगले हेडफोन मागून घ्या. फोनच्या स्पीकरवर ऐकून कृपा करून मला सांगायला येऊ नका. त्यात डग्गा येत नाही.